वरकस

दर्शना तावडेनं संस्थेत नोकरी धरली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि डॉ. शरदचंद्र धैर्यवान अडुसष्ट. सर तोवर निवृत्त झाले होते, पण परळच्या त्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली त्यांच्याकडेच राहिली होती. दारावरची पाटी काढायचा विषय कुणी काढला नव्हता. जंगल, शेती आणि हवामान यांवर सरकारला सल्ला देणारी ती संस्था निम्मी सरांच्या नावावर चालायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना तर होतंच.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, कुठं राहतेस. तिनं सांगितलं, लालबागला, वडील गिरणीत होते, मूळचे आम्ही कणकवलीचे.

"बरं आहे," सर म्हणाले. "चालायची सवय असेल."

मोखाड्याच्या पुढे डोंगरात करवळवाडी नावाचा पाडा आहे, तिथं त्यांनी तिला पाठवलं. डोंगरउताराच्या ज्या जमिनीत भात होत नाही तिला वरकस म्हणतात. पाड्यातली माणसं वरकसावर एक वर्ष नाचणी घेत, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग चार-पाच वर्षं ती जमीन पडीक टाकत. पडीकावर कुडा, करवंद, पळस वाढे. त्यातून सरपण, पाला, कंद मिळत. मग पुन्हा नाचणी. सरांनी तरुणपणी तीन वर्षं प्रयोग करून लिहिलं होतं की ही पद्धत माती खाते, उतारावरची शेती बंद करून लवकर वाढणारी झाडं लावली तर जमिनीत कितीतरी जास्त कार्बन साठेल. त्या एका लेखावर त्यांचं नाव झालं होतं. आता हवामानाचे दिवस आले होते, आणि तेच नव्या यंत्रांनी, जास्त नेमकं मोजून हवं होतं. एका उतारावर संस्थेनं पूर्वी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली होती. बाकीचे उतार लोकांच्या हाताखाली होते. दोन्हींकडची माती काढायची, दोन्हींच्या पायथ्याचे झरे मोजायचे.

नऊ वर्षं ती मोजत राहिली. दर पंधरवड्याला जायचं, चार दिवस राहायचं. राहायची सोय बुधाजी वारे याच्या घरी होती. बुधाजी पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. माती काढायचा लोखंडी गिरमिट जमिनीत फिरवायला जोर लागतो, तो त्याचा. तो फिरवायचा, ती पिशवीत माती भरायची, पिशवीवर आकडा लिहायची. झऱ्याखाली बादली धरून ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. चौथ्या वर्षी बुधाजीला घड्याळ लागेनासं झालं. पाण्याच्या आवाजावरून तो सेकंद सांगायचा आणि एकदोनानंच चुकायचा.

पाचव्या वर्षी तिचे वडील हॉस्पिटलात होते. आठवडाभर तब्येत स्थिर होती. फेब्रुवारीची मोजणी आली तेव्हा तिनं सरांना विचारलं, या वेळी चार दिवस उशिरा गेले तर चालेल का. सर म्हणाले की झरा तिच्या वडिलांची वाट बघणार नाही. ती गेली. वडील तिसऱ्या दिवशी गेले. उतारावर फोन लागत नसे, म्हणून तिला ते संध्याकाळी कळलं, आणि ती लालबागला पोचली तेव्हा आई लक्ष्मी अंघोळ करून बसली होती. आई एवढंच म्हणाली, "इलंस? जेव आता."

मोजणीतून जे निघालं ते सरांच्या लेखाच्या उलट होतं. लोकांच्या पडीक उतारांवरची माती लावलेल्या बाभळींखालच्या मातीइतकाच कार्बन धरून होती, काही ठिकाणी जास्त. त्यांच्याखालचे झरे एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकत होते. बाभळींखालचा झरा फेब्रुवारीत थांबत होता. सरांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा कागद तिच्या दिशेनं सरकवून दिले आणि पुन्हा मोजायला सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा. तिचा पीएचडीचा प्रबंध लिहून तयार होता, पण मार्गदर्शक सरच होते आणि ते म्हणायचे, अजून दोन पावसाळे. असे सहा पावसाळे गेले.

मग एक दिवस सरांनी मान्य केलं. त्यांनी मान्य केल्याचं तिला कळलं ते पेपर छापून आल्यावर. बाहेरच्या एका मोठ्या नियतकालिकात तो आला होता. लेखक दोन: शरदचंद्र धैर्यवान आणि हितेंद्र सामंत. हितेंद्र संस्थेचा संचालक, करवळवाडीला एकदा गाडीनं जाऊन आलेला. दर्शनाचं नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, आभारांमध्ये होतं, बसच्या ड्रायव्हरच्या नावाआधी.

ती सरळ सरांच्या खोलीत गेली. तिथं दोन पाहुणे बसले होते. सरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं नाही. तिनं विचारलं, सर, माझं नाव का नाही.

"दर्शना," ते शांतपणे म्हणाले, "माती काढणारा वेगळा आणि मातीतून अर्थ काढणारा वेगळा. तू उत्तम माती काढतेस."

पाहुण्यांपैकी एक हसला. ती बाहेर आली. प्रबंधाचं विचारायला विद्यापीठात गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं की हे सगळं आधीच दुसऱ्यांच्या नावावर छापून आलंय, आता ते तिचं मूळ संशोधन म्हणून घेता येणार नाही.

तिनं नोकरी सोडली नाही. घर तिच्या पगारावर चालत होतं, आणि पस्तिसाव्या वर्षी पदवीशिवाय, पेपरावर नाव नसताना, दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं. पाड्यावर मात्र तिनं एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली. पेपरात काय आहे ते सोप्या मराठीत चार पानांत लिहिलं, शेवटी पेपराचा क्रमांक घातला आणि पाड्याच्या सभेत वाचून दाखवलं. लोकांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. बुधाजीनं ती पानं मोखाड्याला नेऊन प्लास्टिकमध्ये घालून आणली. उतारांवर पाड्याचा हक्क आहे असा त्यांचा दावा कितीतरी वर्षं कचेरीत पडून होता, त्याला हे जोडू, असं तो म्हणाला.

*

सरांचं काहीतरी बिघडतंय हे सगळ्यात आधी दर्शनाला कळलं. त्यांनी तिला एका दुपारी तीनदा विचारलं की मातीच्या पिशव्या आल्या का. एकदा तिला मेघना म्हणून हाक मारली. मेघना त्यांची वीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी होती. मग त्यांचं ऑफिसात येणं कमी झालं, आणि कागद घेऊन दर आठवड्याला शिवाजी पार्कला जायचं काम दर्शनाकडे आलं.

सरांचा फ्लॅट मैदानाच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर होता. सरांच्या बायको नलूकाकू दार उघडायच्या आणि आधी तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवायच्या. बोलायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं. मुलगा कॅनडात होता. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं आणि ऑफिसात बोलू नकोस असं वचन घेतलं. राज्याच्या हवामान समितीपुढं सरांचं भाषण ठरलं होतं. डोंगराळ जमिनींसाठी पुढच्या दहा वर्षांचं धोरण त्यावर बेतणार होते. नलूकाकूंना एवढंच हवं होतं की हे एक भाषण नीट पार पडावं. मग त्या त्यांना घरी बसवणार होत्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी दर्शनासमोर भाषणाची सतरा पानं ठेवली. सरांनी ती हातानं लिहिली होती, काकूंनी टाइप करून घेतली होती.

"मला यातलं कळत नाही," नलूकाकू म्हणाल्या. "काही चुकलं असेल तर तू बघ. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." आणि त्यांनी तिच्यापुढं कोबीच्या भानोल्याची बशी ठेवली.

दर्शनानं पेन्सिल घेतली. पहिली तीन पानं चांगली होती. चौथ्या पानावर सरांनी लिहिलं होतं की वरकस जमिनीवरची शेती थांबवणं आणि तिथं लवकर वाढणारी झाडं लावणं हाच एक मार्ग आहे. पुढं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आकडे होते, त्या वेळचे शब्द होते. पडीक म्हणजे वाया गेलेली जमीन, असंही होतं. गेल्या वर्षी स्वतःच्या नावानं छापलेला पेपर ते पूर्ण विसरले होते.

आतल्या खोलीत सर रेडिओ लावून बसले होते. काकू ओट्याशी उभ्या होत्या. दर्शनानं चौथं पान पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यांपुढं सभागृह आलं. कुणीतरी उभं राहील आणि विचारेल, धैर्यवानसाहेब, तुमचाच पेपर याच्या उलट सांगतो, त्याचं काय. सर बघत राहतील. त्यांना आठवणार नाही. सगळ्यांच्या देखत त्यांना आठवणार नाही.

तिनं नवव्या पानावर एका तालुक्याचं क्षेत्रफळ दुरुस्त केलं. बाराव्या पानावर दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले. मग भानोलं खाल्लं. संस्थेच्या नियमाप्रमाणे शेवटच्या पानाखाली आकडे तपासल्याची सही लागते. ती तिनं केली, तारीख घातली, आणि काकूंना सांगितलं की सगळं ठीक आहे.

भाषण चर्चगेटकडच्या एका सभागृहात झालं. दर्शना दुसऱ्या रांगेत नलूकाकूंच्या शेजारी बसली होती. सर उभे राहिले आणि वर्षभरात बोलले नव्हते इतकं स्वच्छ बोलले. हे भाषण त्यांनी आयुष्यात शंभर वेळा केलं होतं. कागद बघावा लागला नाही. चौथ्या पानाचा मजकूर आला तेव्हा दर्शनानं समितीकडे नजर वळवली. समितीत एकवीस माणसं होती, त्यांत सहा शास्त्रज्ञ होते. तिनं एकेकाचा चेहरा बघितला. हितेंद्र सामंत पहिल्या रांगेत मान डोलावत होता.

प्रश्नांची वेळ आली. एकानं विचारलं, रोपं जगण्याचं प्रमाण किती धरायचं. सरांनी सांगितलं. दुसऱ्यानं बांबूचं विचारलं. तिसरा प्रश्न नव्हता. पेपर कुणी वाचलेलाच नव्हता. अध्यक्षांनी आभार मानले आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नलूकाकूंनी दर्शनाचा हात घट्ट धरला. त्या रडत होत्या.

दर्शनाही उभी राहिली. तिनं टाळ्या वाजवल्या.

*

दोन दिवस तिनं वाट पाहिली की कुणाच्या तरी लक्षात येईल. तिसऱ्या दिवशी ती हितेंद्रकडे गेली आणि भाषणात आणि पेपरात विरोध आहे असं सांगितलं. हितेंद्रनं पेपर शोधून काढला. स्वतःच्या नावाचा तो पेपर तो त्या वेळी पहिल्यांदा वाचत होता, आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटली नाही. वाचून झाल्यावर त्यानं भाषणाची फाइल मागवली, शेवटचं पान उघडलं आणि तिची सही तिच्यासमोर धरली.

"हे वाचताना तुला दिसलं नाही?" त्यानं विचारलं.

"नाही सर," दर्शना म्हणाली.

त्यानं फाइल मिटली. मग म्हणाला की दिसलं नसेल तर ती निष्काळजी आहे आणि निष्काळजीपणा माफ करता येतो. त्यानं पुढं काही विचारलं नाही. खिडकीबाहेर, जुन्या गिरणीच्या जागी, नव्या टॉवरचं काँक्रीट चढत होतं. त्याच्या आवाजानं त्याला थांबून थांबून बोलावं लागत होतं. त्यानं तिला समजावून सांगितलं की समितीनं शिफारस उचलली आहे. योजना येतेय. दहा वर्षं त्या लागवडीवर देखरेख ठेवायचं काम संस्थेकडे येणार, निदान तीस माणसांना काम. अशा वेळी संस्थेचाच एक पेपर उलट बोलत असेल तर ते बरं दिसणार नाही. दोन्हींतलं एक मागे घ्यावं लागेल. भाषण मागे घ्यायचं तर सरांच्या डोक्याचं काय झालंय ते जगाला सांगावं लागेल, आणि तिच्या सहीचंही. पेपर मागे घेणं सोपं आहे. एक पत्र लिहायचं की शेतातल्या मोजणीत चुका आढळल्या. सरांची सही लागेल.

"तू आठवड्याला जातेसच," हितेंद्र म्हणाला. "देखरेखीच्या विभागाला प्रमुख लागेल. तुझ्याइतका तो भाग कुणाला माहीत आहे? आणि त्या लागवडीच्या आकड्यांवर प्रबंध कर. या वेळी कुणी आडवं येणार नाही."

तिनं विचार करायला वेळ मागितला. त्यानं शनिवारपर्यंत दिला.

त्या चार दिवसांत तिनं समितीला एक पत्र लिहायला घेतलं. पहिल्या परिच्छेदात पेपर, दुसऱ्यात भाषण, आणि तिसऱ्यात तिला लिहावं लागत होतं की तपासताना मी हे पाहिलं आणि राहू दिलं. ते वाक्य तिनं अनेक प्रकारे लिहिलं. कसंही लिहिलं तरी ते तेच राहत होतं. मग तिनं पत्र पुसून टाकलं. आईला ती काही बोलली नाही. बुधाजीला फोन केला नाही.

शनिवारी सर खिडकीशी बसले होते. खाली नेटमध्ये पोरांची बॅटिंग चालली होती, चेंडू लागल्याचे आवाज येत होते. नलूकाकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. दर्शनानं पेपर मागे घ्यायचं पत्र पुढं केलं आणि इथं सही हवी म्हणाली. तिला वाटलं होतं ते न वाचता सही करतील. ते वाचत बसले. बोट ओळीखालून सरकवत त्यांनी अर्धं पान वाचलं.

"यात मोजणीत चुका होत्या असं लिहिलंय," सर म्हणाले. "कुणाच्या चुका?"

"माझ्या, सर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची नजर त्या क्षणी अगदी पहिल्यासारखी होती. "तू चुका करत नव्हतीस," ते म्हणाले. "तुझ्यासारखी मोजणी माझ्याकडे कुणीच केली नाही."

नऊ वर्षांत त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं. दर्शनाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिला वाटलं आता ते विचारतील, मग हे पत्र कसलं, आणि विचारलं असतं तर तिनं सांगून टाकलं असतं, असं तिनं पुढं स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण सर पुन्हा खाली मैदानाकडे बघायला लागले होते.

"सही करा, सर," ती म्हणाली.

त्यांनी केली. सही अजूनही ठसठशीत होती. पेन परत देताना त्यांनी विचारलं की तू प्रबंध कधी देते आहेस, इतका उशीर बरा नाही. ती देते म्हणाली. काकू आल्या तेव्हा पत्र तिच्या पिशवीत गेलं होतं.

*

मार्चमध्ये योजना जाहीर झाली. ज्या उतारांवर कुणाच्या नावाचा कागद नाही आणि जिथं पीक उभं नाही ते मोकळे धरले गेले. करवळवाडीच्या वरकसापैकी निम्म्याहून जास्त जमीन त्या वर्षी पडीक होती. एप्रिलमध्ये यंत्रं आली आणि खड्डे पडायला लागले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बुधाजी परळला आला. बरोबर त्याची भावजय शांता होती. तिच्या नाचणीचा यंदाचा तुकडा खड्ड्यांत गेला होता. पहाटे मोखाड्याहून निघून, पत्ता विचारत, ते बाराला पोचले होते. वॉचमननं त्यांना खालीच बसवून ठेवलं होतं. दर्शना जिन्यानं खाली आली तेव्हा बुधाजी उभा राहिला आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेली ती चार पानं काढली.

त्यानं सांगितलं ते असं: खड्डे पडायला लागले तेव्हा पाड्यातली माणसं ही पानं घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या साहेबानं पानं नीट वाचली, बसा म्हणाला, चहा दिला. शेवटच्या पानावरच्या क्रमांकानं त्यानं कॉम्प्युटरवर पेपर शोधला. मग त्यांना पडद्यावर दाखवलं की हा कागद ज्यांनी लिहिला त्यांनीच रद्द केलाय, मोजणी चुकीची होती म्हणून. साहेब वाईट नव्हता. तो म्हणाला, दुसरा काही कागद असेल तर आणा, मी थांबवतो. खड्डे महिनाभर थांबवायचा त्याला अधिकार होता. त्यातले बावीस दिवस उरले होते.

"बाय," बुधाजी म्हणाला, "गिरमिट माझ्या हातात होता. आकडा तू लिहायचीस, मी बघायचो. आपण खोटं कुठं मोजलं, तेवढं सांग."

वॉचमन ऐकत होता. दर्शना म्हणाली की मोजणी बरोबर होती, पण मुंबईतल्या प्रयोगशाळेतलं यंत्र चुकीचं दाखवत होतं. हे तिनं वाटेत ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं.

बुधाजीनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झऱ्याला यंत्र नव्हतं."

तिनं वॉचमनकडे बघितलं.

"बादली होती," बुधाजी म्हणाला. "तुझं घड्याळ होतं."

शांतानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. ती दर्शनाशी बोलत नव्हती, दिराशी बोलत होती. चल, म्हणाली, हिनं मोजलं ते त्यांच्यासाठीच मोजलं, मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं.

बुधाजी तरी थांबला. त्यानं विचारलं की पुन्हा मोजता येईल का, बावीस दिवस आहेत, मी पाच माणसं देतो. नुसतं एवढं लिहून दे की झऱ्यांची मोजणी खरी होती. तुझ्या सहीनं दे. साहेब म्हणालाय, दुसरा कागद चालेल.

तो कागद अर्ध्या तासात लिहिता आला असता. तिच्याजवळ वह्या होत्या, नऊ वर्षांचे झऱ्यांचे आकडे तारखांसकट होते. पण तिच्या सहीचा कागद तालुक्याला गेला की तो परत परळलाच येणार, हितेंद्रच्या टेबलावर, आणि त्याच्याशेजारी सतराव्या पानावरची सही उघडली जाणार. तिनं बुधाजीला सांगितलं की मी बघते, वर विचारते, आठ दिवसांत कळवते. त्याच्या हातातली पानं परत घेऊन ठेवावीत असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ती मागितलीही. त्यानं दिली नाहीत.

त्यांना तिनं कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला चला म्हटलं. शांता फाटकाबाहेर गेली होती. बुधाजी म्हणाला की भाकरी बरोबर आहे.

तिनं कळवलं नाही. बुधाजीचे पाच फोन आले, ते तिनं घेतले नाहीत. तेविसाव्या दिवसापासून फोन थांबले.

*

पुढं सगळं हितेंद्र म्हणाला होता तसं झालं. दर्शना देखरेख विभागाची प्रमुख झाली. तिला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. सरांची नव्हे, तिच्या समोरची. दर महिन्याला तिच्या हाताखालची माणसं करवळवाडीला जात आणि बाभळींचा घेर मोजून आणत. ती स्वतः गेली नाही. एका अहवालात कामावर घेतलेल्या स्थानिक मजुरांची यादी होती, तीत तिसरं नाव बुधाजी वारे होतं. तो रोपांना पाणी घालत होता. पाणी टँकरनं येत होतं. शांताचं नाव यादीत नव्हतं. ती मुलीला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्याचं विभागातल्या एकानं बोलता बोलता सांगितलं.

सर त्या दिवाळीनंतर गेले. शेवटच्या महिन्यांत ते कुणालाच ओळखत नव्हते. दादरला शोकसभा झाली, तीत नलूकाकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं की सरांच्या अखेरच्या काळात पोटच्या मुलीसारखं कुणी केलं असेल तर ते दर्शनानं, तिच्यामुळं त्यांना मानानं जाता आलं. दर्शनाला बोलायचा आग्रह झाला. ती दहा मिनिटं बोलली, आणि चांगलं बोलली. पुढच्या वर्षी तिला पीएचडी मिळाली. आईनं लालबागच्या घरी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

योजनेला दोन वर्षं झाली तेव्हा माटुंग्याच्या एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. परदेशातून चार पाहुणे आले होते. योजना आणखी तीन जिल्ह्यांत न्यायची की नाही ते त्यांच्या अभिप्रायावर ठरणार होतं. पाड्यांवरून बसनं साठ माणसं आणली होती. ती मागच्या रांगांत, एकसारख्या हिरव्या टोप्या घालून बसली होती. त्यांच्यापैकी एकानं दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं आणि नाव वरून आलं होतं. दर्शनानं ते कार्यक्रमपत्रिका हातात पडल्यावर पाहिलं. भाषांतर तिनं करायचं होतं.

बुधाजी स्टेजवर आला. तो वाळला होता. हितेंद्रनं त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. माइकसमोर उभा राहून त्यानं दर्शनाकडे पाहिलं, आणि ओळख दाखवली नाही.

"आमच्या वरकसावर आता झाडं हाईत," तो म्हणाला. "मॅडमनी मोजलीत."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. बुधाजी गप्प उभा राहिला, आणि त्याचं झालं असं समजून हितेंद्र पुढं आला, तेवढ्यात तो पुन्हा बोलला.

"पाणी जानेवारीतच जातंय. नाचणी नाय. माणसं भट्टीला गेली. मी हे मॅडमना आधीच म्हटलं होतं. मॅडमना ठावं हाय."

सभागृहात मराठी कळणारी माणसं शंभर तरी होती. कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतले चार पाहुणे हसतमुखानं दर्शनाकडे बघत होते, आणि हितेंद्रही बघत होता. तिनं माइक जवळ ओढला.

तिनं इंग्रजीत सांगितलं की ते या योजनेबद्दल आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार मानत आहेत.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. टाळ्या वाजताहेत हे बघून बुधाजीला वाटलं की त्यांना कळलं. त्यानं नारळ बगलेत धरला आणि दोन्ही हात जोडून पाहुण्यांना नमस्कार केला.